वीतभर रुंद एक्सल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी एका जीपवाल्याचं नाव घेईन. नाव म्हणजे आमच्या भागात त्यांना ज्या नावानं हाक मारत तेच: ड्रायव्हरभाऊ. आईवडिलांना याचं वाईट वाटणार नाही. मी पदवीधर झालो तेव्हा माझ्या बापानं पेढ्यांचा पुडा घरी न आणता आधी त्यांच्याकडेच नेला होता.

आमच्या गावाहून नागभीडला, माझ्या कॉलेजात, जायला तेव्हा भाऊंची जीप हे एकच साधन होतं. त्या जीपमध्ये जेवढी माणसं बसू शकतात त्याच्या दुप्पट बसत, आणि वर टपावर भाजीच्या टोपल्या, सायकली आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. संध्याकाळची शेवटची फेरी पाचला निघायची. माझं प्रॅक्टिकल पाचला कधीच सुटायचं नाही. धावत स्टँडवर यावं तर जीप तिथंच उभी, आणि आतली माणसं कुरकुरत असलेली.

"चला ना गा भाऊ, म्हशी ओरडत असतीन घरी."

"पोरगं सायन्सचं आहे," भाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून शांतपणे म्हणत. "त्याचं प्रॅक्टिकल सुटलं नाई. तुमच्या म्हशी एक घंटा उशिरा दूध देतीन त कोनती परीक्षा बुडून राह्यली त्यायची?"

असं तीन वर्षं चाललं. त्या थांबण्यावर मी बी.एस्सी. झालो, पुढे शिकलो, आणि आज गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. पुढे जे काही बिघडलं ते मला भौतिकशास्त्र येतं म्हणूनच बिघडलं.

भाऊ म्हातारे झाले. गोठ्यावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची मुलगी त्यांना नागभीडला आपल्या घरी घेऊन गेली. जीप गावात चिंचेखाली उभी राहिली. मागच्या सीटखाली कोंबडीनं अंडी घालायला सुरुवात केली तेव्हा जावयानं ती भंगारात द्यायचं ठरवलं. भाऊंनी मला बोलावून घेतलं.

"चालवशीन त घेऊन जा," ते म्हणाले. "भंगारात देनं नाई होत माह्याच्यानं."

मी हो म्हणालो. मग ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "आन मंडईले बाईकडे नेशीन का मले?"

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर महिना-दीड महिना गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी त्या गावच्या लेकी-जावई, सोयरे-धायरे सगळे तिथं जमतात, सिंगाड्यांचे ढीग लागतात, पाळणे येतात, सोयरिकी जुळतात आणि रात्रभर नाटक चालतं. बाईंचं गाव जंगलात, एका नाल्याच्या पलीकडे. भाऊबीजेला भाऊंची जीप प्रवाशांतून मोकळी होत नसे, म्हणून बाई भावाला मंडईच्या दिवशी ओवाळत. भाऊ दरवर्षी लुगडं घेऊन, जीप स्वतः चालवत त्या नाल्यापलीकडे जात. ऑपरेशनपासून दोन मंडया चुकल्या होत्या. एस.टी. डांबरी रस्त्यावर सोडते, तिथून पुढे जंगलातली कच्ची वाट, तिच्यावरून भाऊंना चालणं शक्य नाही. खाचर, म्हणजे बैलगाडी, पाठवतो असं भाच्यानं कळवलं होतं.

"त्या गावात पयली गाडी मी नेली," भाऊ म्हणाले. "आता धानाच्या पोत्यावानी खाचरात पडून जाऊ का? लोक काय म्हनतीन?" मग हळूच म्हणाले, "बाईची ऐंशी उलटली. आता तिसरी मंडई चुकली त मंग भेट होते का नाई, कोन सांगते."

मी शब्द दिला. त्यांच्या जीपमधून, पुढच्या सीटवर बसवून, बाईंच्या दारात नेऊन सोडीन.

दसऱ्याच्या सुमारास जीपचा मागचा एक्सल तुटला. एक्सल म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारी ती जाड लोखंडी नळी आणि तिच्या आत चाकं फिरवणारे दोन दांडे. आतला एक दांडा तुटला होता. एका शेताच्या बांधाजवळ खट्ट आवाज झाला, इंजिन मजेत चालू राहिलं आणि जीप मात्र जागची हलेना. मी ती ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली आणि त्याच रात्री अभ्यासाला बसलो.

सरळ मार्ग होता. तुटलेला दांडा काढायचा, तसाच नवा टाकायचा. माझ्या नोकरीच्या गावातला मिस्त्री म्हणाला, "सर, अर्ध्या दिवसाचं काम आहे." अर्ध्या दिवसात होणाऱ्या कामाबद्दल मला कधी आदर वाटलेला नाही. हा दांडा तुटला, उद्या दुसरा तुटेल, आणि तोही भाऊ गाडीत असताना जंगलात तुटेल. मी मोबाईलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहिले. ते जुन्या जीपांचे एक्सल काढून मोठ्या गाड्यांचे जाड एक्सल घालत होते आणि मग उभ्या खडकांवर चढत होते. आमच्या जिल्ह्यात मला चढायचा असा एकही खडक नव्हता. पण चढता येतो ही भावना मनात बसली.

मग मी चंद्रपूरला जाऊ लागलो. तिथं भंगारात निघालेल्या गाड्यांचे सांगाडे विकणारी दुकानं आहेत. रविवार आला की मी टेप घेऊन निघायचो. कोळशाच्या धुळीत उकिडवा बसून एक्सलच्या नळ्यांची जाडी मोजायचो, बेअरिंगवरून हात फिरवायचो, दुकानदाराला न विचारता नट उघडून आत डोकावायचो. माझी बायको वरोऱ्याची. ती फार बोलत नाही, पण बोलली की त्यावर उत्तर नसतं. चौथ्या का पाचव्या रविवारी ती म्हणाली, "मले पाहाले तुम्ही एकदाच आले होते. तेही पोहे खाऊन लवकर निघून गेले."

शेवटी एक जड माल वाहणारी पिकअप सापडली. पुढून चेपलेली, पण मागचा एक्सल असा की पाहताच मन भरावं. त्याच्यापुढे आमच्या जीपचा एक्सल म्हणजे उसापुढे बोरूची काडी. मी मोहात पडलो हे खरं, पण आंधळेपणानं नाही. मला एक धोका माहीत होता. आमची जीप चारही चाकांनी ओढणारी. तशा गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलमधल्या दातांचं प्रमाण सारखं असावं लागतं, नाहीतर पुढची चाकं एका वेगानं जायला बघतात, मागची दुसऱ्या, आणि गाडी स्वतःशीच भांडायला लागते. म्हणून मी चाकाच्या तबकडीवर खडूनं खूण केली, दुसऱ्या टोकाचा दांडा हातानं फिरवला, वेढे मोजले. गावी येऊन जीपच्या पुढच्या एक्सलवर तेच केलं. प्रमाण तंतोतंत जुळलं. बाजारातले बहुतेक लोक इथं चुकतात असं मी व्हिडिओत ऐकलं होतं. मी चुकलो नव्हतो. त्या आनंदात मी घरी येताना बायकोसाठी जिलेबी घेतली.

मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. बारावीत भौतिकशास्त्रात दोनदा नापास होऊन तो गॅरेजकडे वळला होता आणि आता माझ्यापेक्षा त्याचं बरं चाललं होतं. पण वर्गातली भीती त्याच्या अंगातून गेली नव्हती. मी काहीही म्हटलं की तो म्हणायचा, "सर म्हनतात त बरोबरच असन." एवढा आज्ञाधारक तो बारावीत असता तर पास झाला असता. त्यामुळे आमच्या दोघांत मला कोणी काही विचारणारं उरलंच नाही.

जुना एक्सल खाली उतरला. नवा बसवायचा तर पाट्यांवर, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगांवर, तो जिथं टेकतो त्या लोखंडी बैठका कापून नव्या जागी वेल्डिंग करायच्या होत्या. त्या कुठे आणि कशा लावायच्या याचा हिशेब मी केला. मी खडूनं रेघ मारली, मिस्त्रीनं वेल्डिंग केलं, एक्सल चढवला, आणि पाहतो तर त्याचं तोंड, जिथं इंजिनाकडून येणारा दांडा जोडतात ते, खाली मान घालून जमिनीकडे बघतंय. मी गाडी जमिनीवर उभी आहे असं धरून हिशेब केला होता आणि ती त्या वेळी दोन ठोकळ्यांवर तिरकी उभी होती. पुन्हा कापलं, पुन्हा जोडलं. ब्रेकची नळी आखूड पडली. हँडब्रेकची तार लांब झाली. इंजिनाकडून येणारा तो मधला दांडा कापून घ्यायला मी तो खांद्यावर टाकून एस.टी.नं चंद्रपूरला गेलो. कंडक्टरनं विचारलं, "सर, हे काय?" मी समजावून सांगायला लागलो, तेव्हा त्यानं घाईघाईनं पुढच्या माणसाचं तिकीट फाडलं.

एवढं सगळं झाल्यावर जीप उभी राहिली तेव्हा एक गोष्ट सगळ्यांनाच दिसली. पिकअप जीपपेक्षा रुंद असते. मागची चाकं दोन्ही बाजूंना मडगार्डच्या बाहेर आली होती. एकूण वीतभर जास्त. पुढची चाकं होती तिथंच, कारण त्या पिकअपची पुढची चाकं नुसती फिरणारी होती, ओढणारी नव्हती, तो एक्सल आमच्या काही कामाचा नव्हता. म्हणजे जीप पुढून होती तशीच आणि मागून फेंगडी. मिस्त्री लांब जाऊन, मान तिरकी करून बघत राहिला.

"सर, मागून म्हशीवानी दिसून राह्यली."

मी त्याला तिवईचं उदाहरण दिलं. पाय जितके फाकलेले तितकी तिवई स्थिर. रुंद म्हणजे स्थिर. हे मी इतक्या खात्रीनं सांगितलं की पुढच्या आठवड्यात बारावीच्या वर्गातही गुरुत्वमध्य शिकवताना फळ्यावर तीच जीप काढली. कोणाही पोरानं हात वर केला नाही. भाऊंना मात्र मी काहीच सांगितलं नाही. बाईंच्या दारात उतरल्यावर त्यांना मागे नेऊन दाखवीन, असं ठरवलं होतं.

मंडईच्या दिवशी सकाळी मी नागभीडला पोचलो. भाऊ तयार होऊन ओट्यावर बसले होते. पांढरा सदरा, नवी टोपी, मांडीवर लुगड्याची पिशवी. मुलीनं आणि मी धरून त्यांना पुढच्या सीटवर चढवलं. ते समोरूनच आले, समोरूनच बसले, त्यामुळे मागचं काही त्यांना दिसलं नाही. दाराच्या पत्र्यावरून त्यांनी हात फिरवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

डांबरी रस्ता संपेपर्यंत सगळं ठीक होतं. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या, कुठं कुठं मळणी चालू होती. भाऊ प्रत्येक वळणावर सांगत होते, इथं अमक्याची म्हैस आडवी आली, इथं तमक्याची सून बाळंत होता होता राहिली. मग जंगलातली कच्ची वाट लागली. तिथं चाकांनी पाडलेले दोन खोल चर आहेत आणि गाडी त्या चरांतूनच जाते. पुढची चाकं चरात नीट बसली. मागची चरात मावेनात. कधी डावं चाक काठावर चढे, कधी उजवं, आणि जीपचं बूड एकदा इकडे, एकदा तिकडे फेकलं जाई.

"का गा," भाऊ समोरचा दांडा घट्ट धरून म्हणाले, "गाडी पिऊन आहे का?"

"रस्ता खराब झाला आहे, भाऊ."

"रस्ता तोच आहे. मी याच्यावर झोपेत गाडी चालवली आहे."

मला अजून वाटत होतं की थोडा वेग कमी केला की जमेल. मग नाला आला.

नाल्यात गुडघाभर पाणी होतं, तळाशी चिखल. पाऊस सरला की दरवर्षी मंडईच्या आधी गावकरी तिथं पूल घालतात. पूल म्हणजे सरळ झाडांच्या जाड बल्ल्या, दोन डाव्या चाकांसाठी, दोन उजव्या चाकांसाठी. दोन बल्ल्या एकमेकींना चिकटून ठेवल्या की त्यांच्या मधोमध जी खोबण होते तिच्यात चाक बसतं आणि सरळ जातं. मध्ये नुसती हवा आणि खाली पाणी. मोटारसायकलीही त्याच खोबणीतून जातात.

भाऊंचा चेहरा खुलला. "तुले माहीत आहे का, ह्या पुलाचं माप कोनाचं आहे? माह्या जीपचं. पयल्या साली माह्या चाकाच्या मधात बांबू धरून तोडला होता त्यायनं. अजून तोच बांबू आहे पाटलाच्या घरी. मी येवो का न येवो, दर साली त्याच मापानं बल्ल्या टाकतात." मग त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि मागे टेकून बसले. "चढव डोळे मिटून."

त्या क्षणी मला सगळं कळलं. वीतभर म्हणजे किती, हे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट समजलो. तिथं थांबून सांगायला हवं होतं. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर जो भाव होता तो पाहून मला तोंड उघडवेना. मी मनातल्या मनात बल्लीची जाडी, टायरची रुंदी असा काहीतरी हिशेब केला आणि माझ्या हिशेबांचं मागचं कर्तृत्व विसरून पहिला गिअर टाकला.

पुढची चाकं खोबणीत अशी बसली की भाऊंनी खरंच डोळे मिटले. मग मागची चाकं बल्लीच्या गोल पाठीवर चढली. क्षणभर दोन्ही वरच राहिली आणि माझ्या मनात आलं, जमलं. तेवढ्यात उजवं चाक बाहेरच्या बाजूला सरकलं, जीप धप्पकन तिरकी झाली, आणि एक्सलची ती जाड नळी बल्लीवर येऊन बसली. चाक हवेत फिरायला लागलं.

भाऊंनी डोळे उघडले. मान मागे वळवून, खिडकीतून बाहेर वाकून त्यांनी मागचं चाक पाहिलं.

"हे चाक कोनाचं आहे?"

"आपलंच आहे, भाऊ."

"आपलं इतकं बाहेर कवा गेलं?"

मी सांगितलं. पिकअप, दातांचं प्रमाण, नळीची जाडी, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मजबूत आहे का?"

"खूप मजबूत आहे."

"हो. अख्खी गाडी त्याच्यावर बसली आहे, तरी वाकला नाई."

एव्हाना मागे मंडईचे पाहुणे जमायला लागले होते. जीपनं दोन्ही बाजूच्या बल्ल्या अडवल्या होत्या. पायी येणारे जीपच्या कडेला धरून धरून कसेबसे जात होते, पण मोटारसायकलवाल्यांना चिखलात गाडी घालायची हिंमत होईना. ते एकेक करून माझ्याजवळ येत आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगत असे.

"काय झालं, सर?"

"मागचा एक्सल मोठ्या गाडीचा आहे."

"मंग लहान गाडीचा काऊन नाई लावला?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते लांब होतं आणि त्याच्या कडेवर पोर रडत होतं. दुसरा एकजण, नव्या कपड्यातला, घड्याळ बघत म्हणाला, "सर, माह्या पोरीले पाहाले पाव्हने येऊन बसले आहेत पलीकडे. तुमचं प्रॅक्टिकल कवा सुटन?"

लोक हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांना उतरवून पलीकडे न्यायला चारजण पुढे आले, पण ते दांडा धरून बसून राहिले. "मी नाई उतरत. गाडी गावात जाईन तवाच मी जाईन." भाच्यानं निरोप ऐकून बैलगाडी पलीकडच्या काठावर आणली होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ऊन चढत होतं. मला वाटायला लागलं की हा माणूस इथंच बसून राहणार, संध्याकाळ होणार, आणि माझ्या मजबूत एक्सलपायी ही मंडईही चुकणार. आजवर मला कधी इतकी लाज वाटली नव्हती.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर गडबड झाली. दुसऱ्या एका बैलगाडीतून एक म्हातारी उतरली होती. अंगानं काडी, हातात काठी, डोक्यावर पदर. नातवानं हात धरायला पुढे केला तर तिनं तो काठीनंच बाजूला केला आणि बल्ल्यांवरून पाय टाकत थेट जीपच्या नाकापर्यंत आली. काचेतून तिनं आत पाहिलं.

"बाबू, तू आला का?"

"आलो, बाई." भाऊंचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "पन गाडी इथंच अडली."

"मंग तू काऊन अडला? मी काय इतकी सालं गाडीले ओवाळत होती?"

भाऊंनी लुगड्याची पिशवी उचलली, माझ्याकडे हात केला आणि उतरले. मी एका बाजूनं, भाचा दुसऱ्या बाजूनं, असे आम्ही त्यांना बल्ल्यांवरून पलीकडे नेलं. बाई मागून चालत होत्या आणि मला न्याहाळत होत्या.

"हेच का ते पोरगं, ज्याच्यापायी तू गाडी थांबवून ठेवत होता?"

"हेच."

"आता त्याले थांबू दे जरा."

बैलगाडीजवळ आल्यावर भाऊ थबकले. मागच्या मोकळ्या भागात गवत अंथरून वर सतरंजी घातली होती. त्यांनी ती पाहिली, मग पुढे जुवाजवळ पाहिलं आणि भाच्याला म्हणाले, "मले समोर बसव. कासरा माह्या हाती दे." खुब्याला जपत त्यांना पुढे बसवायला बराच वेळ लागला. पण ते बसले, बैलांना हाक दिली, आणि मंडईच्या गर्दीतून सरळ बहिणीच्या दारापर्यंत स्वतः हाकत गेले. मी हे पाहिलं नाही. मी पुलावर जीप राखत होतो. गावातून आलेल्यांनी सांगितलं.

जीप निघाली ती शेवटी दहाबारा माणसांनी. त्यांनी एक लांब बल्ली एक्सलखाली घातली, मध्ये दगड ठेवला आणि दुसऱ्या टोकावर भार दिला. मी दगड थोडा एक्सलकडे घ्या, म्हणजे टेकू जवळ येईल आणि बळ कमी लागेल, असं सांगायला लागलो. "समजलं, सर," एकजण म्हणाला. "तुम्ही जरा बाजूले होता का?" जीप मागे काठावर गेली. एक्सलवर ओरखडासुद्धा नव्हता. नाला मी पायीच ओलांडला.

बाईंच्या घरी पोचलो तेव्हा ओवाळणं होऊन गेलं होतं. भाऊंच्या कपाळावर कुंकू होतं आणि समोर उडदाच्या वड्यांची परात. बाईंनी मला पाट दिला आणि वाढता वाढता विचारलं, "मास्तर, वडे चालतात ना? का ह्यातलंबी काही बदलायचं आहे?"

भाऊ नाटकाला थांबले, मग पुढेही थांबले. "गाडी नीट झाली का न्यायले ये. दुसऱ्या कशात मी येत नाई," असं त्यांनी मला बजावलं. त्या गावात मोबाईल लागत नाही, आणि लागला असता तरी भाऊंना फोनवर नीट ऐकू येत नाही, ते सगळ्याला हो हो म्हणतात. कागदावर लिहिलेलं मात्र ते सावकाश आणि पुन्हा पुन्हा वाचतात. म्हणून बाजाराला आलेल्या त्यांच्या भाच्यापाशी मी हे पत्र दिलं.

ती. ड्रायव्हरभाऊंना सा. न. वि. वि.

तुमची तब्येत बरी आहे असं भाच्याकडून कळलं. तुमच्या मुलीनं नागभीडहून औषधं पाठवली आहेत, ती या पत्रासोबत देतो आहे. पांढरी गोळी जेवणाआधी, लाल गोळी जेवणानंतर.

पिकअपचा एक्सल काढला. तुमचाच जुना एक्सल परत बसवला आणि त्यात आतले दोन्ही दांडे नवे टाकले. मिस्त्रीला अर्धा दिवस लागला. त्यानं सांगितलं होतं तेवढाच. मोठा एक्सल आमच्या घरामागे पडला आहे. माझ्या बायकोनं त्याच्यावर वाल वाळत घातले होते, म्हणजे तो अगदीच वाया गेला असं नाही.

गाडीत काय बदलायचं हे तुम्हाला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण मला तुम्हाला चकित करायचं होतं. तेवढं मात्र झालं.

गाडी गावी नेऊन तुमच्या बांधावरच्या रस्त्यावर चालवून पाहिली. मागून आवाज आता पूर्वीसारखाच येतो. तो तुम्हाला ओळखू येईल. मी येत्या रविवारी न्यायला यायचं ठरवलं होतं. पण भाच्यानं बाईंचा निरोप सांगितला. त्या म्हणाल्या म्हणे, "त्या मास्तरले म्हना, घाई करू नोको. चाकं आनखी थोडी रुंद करून पाह्य." हे ऐकून मी रविवारचं रद्द केलं आहे.

तुमच्या मुलीला मी समजावलं आहे. ती थोडी रागावली, मग तुमचं स्वेटर काढून दिलं, तेही भाच्याजवळ पाठवतो आहे. थंडी पडायला लागली आहे.

गाडी तयार आहे. पेट्रोल भरून ठेवलं आहे. बाई ज्या दिवशी जा म्हणतील त्या दिवशी निरोप पाठवा, मी येतो. त्या आधी येत नाही.

बाईंना माझा नमस्कार सांगा.

तुमचा